बिनमुकादमाचे काम : मुंग्या, फड आणि यंत्रमानवांचा समूह

(गावपातळीवरील विस्तार कार्यकर्ते व शेतकरी बंधुभगिनी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शेतीत यंत्र आले म्हणजे ते मोठे असावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोटेच्या जागी पंप आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा अधिक ताकदीचे यंत्र आले. परंतु गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांचे लक्ष अगदी उलट दिशेला वळले आहे. एक मोठे व हुशार यंत्र तयार करण्याऐवजी, अनेक लहान व साधी यंत्रे एकमेकांशी जुळवून घेऊन एखादे मोठे काम पार पाडू शकतील काय, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. ही यंत्रे काही ठिकाणी मुठीत मावतील एवढी आहेत, तर काही ठिकाणी ती रेणूंचीच बनविलेली असून साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत.

हा विषय खानदेशातील शेतकऱ्यास परका वाटण्याचे कारण नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञ आज यंत्रांत शोधीत आहेत, त्याच प्रश्नाचे एक उत्तर धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या काठी शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी पाण्याच्या वाटपात शोधून काढले होते. त्या उत्तराचे नाव फड. म्हणून प्रस्तुत पाठात मुंगीपासून आरंभ करून फड, यंत्रांचा समूह आणि रेणूंचे यंत्रमानव असा क्रम ठेवला आहे. शेवटी अशी यंत्रे गावात आल्यास कोणती काळजी घ्यावी, याचा विचार केला आहे.

काम चालविण्याच्या दोन रीती

कोणतेही सामुदायिक काम दोन रीतींनी चालते. पहिल्या रीतीत एक मुकादम असतो. सर्व माहिती त्याच्याकडे येते व सर्व हुकूम त्याच्याकडून सुटतात. ही रीत सोपी आहे; परंतु मुकादम आजारी पडला, की काम बंद पडते. शिवाय माणसे दहांची हजार झाली, म्हणजे एकट्या मुकादमास प्रत्येकाकडे पाहणे अशक्य होते.

दुसऱ्या रीतीत प्रत्येकाने आपल्या शेजारी काय चालले आहे एवढेच पाहावयाचे व ठरलेल्या दोन-चार नियमांप्रमाणे वागावयाचे, असे असते. सर्व कामाचा नकाशा कोणा एकाच्याच डोक्यात नसतो, तरीही काम पुरे होते. ह्या दुसऱ्या रीतीने चालणाऱ्या यंत्रांच्या समूहास विकेंद्रित यंत्रसमूह असे म्हणता येईल.

मुंगी आणि वाळवी

ह्या रीतीचा सर्वांत जुना नमुना शेताच्या बांधावरच सापडतो. मुंग्यांची रांग धान्याच्या कणाकडे जाते, तेव्हा तिला वाट दाखविणारा कोणी पुढारी नसतो. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर एका रसायनाचा माग सोडते. दुसरी मुंगी त्या वासाने जाते व आपलाही माग त्यात घालते. जवळच्या वाटेने जाणाऱ्या मुंग्या लवकर परततात, म्हणून त्या वाटेवर वास लवकर दाट होतो. लांबची वाट हळूहळू ओस पडते. १९८०–९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मुंग्यांपुढे एक आखूड व एक लांब असे दोन पूल ठेवून हे पडताळून पाहिले, तेव्हा बहुतेक मुंग्या थोड्याच वेळात आखूड पुलावर आल्या. कोणत्याही एका मुंगीने दोन्ही पूल मोजले नव्हते. मोजणी वासाने केली होती.

वाळवीचे वारूळही असेच उभे राहते. पियेर-पॉल ग्रासे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ साली असे दाखवून दिले, की वाळवी एकमेकींना हुकूम देत नाही. झालेले बांधकामच पुढच्या वाळवीस पुढील काम सुचविते. जेथे मातीची गोळी ठेवली गेली, तेथेच दुसरी गोळी ठेवण्याकडे तिचा कल होतो.

यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. प्रत्येकाचा नियम साधा असतो. माहिती शेजारून मिळते. आणि शंभरांतील दहा जण नाहीसे झाले तरी काम थांबत नाही.

पांझरेकाठचा फड

मुंगीस नियम निसर्गाने दिले. माणसास ते स्वतः ठरवावे लागतात. ते कसे ठरवावेत, याचा उत्तम नमुना म्हणजे खानदेशातील फड पद्धत होय. ही पद्धत पांझरा नदीवर व तिला मिळणाऱ्या प्रवाहांवर, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीवर रूढ झाली.

नदीत दगडी बंधारा घालून पाणी अडवावयाचे व पाटाने ते शेतात न्यावयाचे, ही तिची बांधणी. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीस थळ म्हणतात. थळाचे साधारणपणे तीन-चार भाग पाडलेले असतात. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पुढील वर्षी पिके फडांतून फिरवावयाची. एका फडात एकच पीक असल्यामुळे सर्व वाफ्यांस पाणी एकाच वेळी व सारख्याच प्रमाणात लागते, आणि पाळी बसविणे सोपे जाते.

पाणी देण्याचे काम शेतकरी आपापल्या परीने करीत नाहीत. त्यासाठी सर्वांनी मिळून माणसे नेमलेली असतात. पाटाची देखभाल पाटकरी पाहतो, वाफ्यांस पाणी बारेकरी देतो, जागल्या पिकाची राखण करतो व हवालदार ह्या सर्वांवर नजर ठेवतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फडात हवालदार आहे, म्हणून फड म्हणजे मुंग्यांप्रमाणे अगदी बिनमुकादमाचे काम नव्हे. परंतु पाणी कोणास व किती, हे हवालदार ठरवीत नाही. तो नियम लाभधारक शेतकऱ्यांनी व त्यांच्या पंचांनी आधीच ठरविलेला असतो. हवालदार बदलला तरी नियम बदलत नाही.

फडाचे खरे शहाणपण मात्र टंचाईच्या वर्षी दिसून येते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असावी, अशी ह्या पद्धतीची रचना आहे. पाऊस कमी झाला, म्हणजे चारांऐवजी दोन किंवा तीनच फड भिजवावयाचे असे ठरते. त्यामुळे तूट सर्वांच्या वाट्यास येते. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचे पीक तरले व शेवटच्याचे वाळून गेले, असे होत नाही.

पुढील काळात नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, जो तो आपल्या पाण्याचा धनी झाला, आणि पुष्कळ ठिकाणी फडांची घडी विसकटली. तरीही साध्या नियमावर व परस्परांच्या विश्वासावर एवढे मोठे काम पिढ्यान् पिढ्या चालू शकते, हे फडाने सिद्ध केले आहे.

मुठीत मावणारे हजार यंत्रमानव

आता यंत्रांकडे वळू या. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल, मायकेल रुबेनस्टाइन व अलेहान्द्रो कोर्नेहो ह्यांनी २०१४ साली १,०२४ लहान यंत्रमानवांचा समूह चालवून दाखविला. नागपाल ह्या मूळच्या भारतीय आहेत. ह्या यंत्रमानवास किलोबॉट असे नाव आहे. त्याची रुंदी सुमारे ३३ मिलिमीटर, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडी अधिक. त्यास चाके नाहीत. तीन बारीक ताठ पाय आहेत व मोबाइल दूरध्वनीत थरथर उत्पन्न करणाऱ्या मोटारीसारख्या दोन लहान मोटारी आहेत. त्या थरथरीने तो सरकतो. अदृश्य अशा अवरक्त किरणांनी तो आपला निरोप आजूबाजूच्या सुमारे १० सेंटिमीटरांच्या आतील सोबत्यांस पोहोचवितो. त्याच्या सुट्या भागांची किंमत सुमारे १४ डॉलर एवढीच होती.

सर्व यंत्रमानवांस एकच नियमावली व तयार करावयाच्या आकृतीचे चित्र दिले होते. चार यंत्रमानव खूण म्हणून एका ठिकाणी ठेविले. पुढचे काम तीन साध्या कृतींचे होते : समूहाच्या कडेने सरकत जाणे, खुणेपासून आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे शेजाऱ्यांकडून समजून घेणे, आणि शेजाऱ्यांपासूनच्या अंतरावरून आपली जागा ओळखणे. एवढ्यावर सुमारे १२ तासांत त्यांनी समुद्रातील तारामाशाची आकृती तयार केली. मध्ये काही यंत्रमानव अडले, काही वाट चुकले. परंतु शेजाऱ्यांनी ते ओळखले व काम पुढे गेले.

त्याच वर्षी ह्याच विद्यापीठातील दुसऱ्या एका प्रयोगात वाळवीपासून धडा घेतलेली यंत्रे तयार करण्यात आली. ती यंत्रे ठोकळ्यावर ठोकळा रचून बांधकाम करीत. त्यांनी एकमेकांशी बोलावयाचे नव्हते. समोर झालेले बांधकाम पाहूनच पुढचा ठोकळा ठेवावयाचा होता. ग्रासे ह्यांनी १९५९ साली वाळवीत जे पाहिले, ते ५५ वर्षांनी यंत्रांत उतरले.

शेतीच्या दृष्टीने ह्या रीतीचे महत्त्व काय? खानदेशातील काळी जमीन ओली असता जड यंत्र आत घातले, तर जमीन दाबली जाते, चाके रुततात व वाफसा येईपर्यंत थांबावे लागते. हलक्या यंत्रांमुळे हा दाब कमी होऊ शकेल. मोठे यंत्र भर हंगामात बिघडले, तर सर्व काम अडते. वीस लहान यंत्रांपैकी एक बिघडले, तर एकोणीस चालू राहतात.

पाण्याच्या बाबतीत तर ही रीत अधिक जवळची आहे. जळगाव जिल्ह्यात केळीच्या बागांमुळे ठिबक सिंचन घरोघरी पोहोचले. भवरलाल जैन (१९३७–२०१६) ह्यांनी उभारलेल्या उद्योगामुळे जळगाव हे ठिबकच्या साहित्याचे मोठे केंद्र झाले. ठिबकच्या झडपा वेळेप्रमाणे आपोआप उघडणारी यंत्रणा आता बाजारात मिळते. तिच्यात बहुधा एक मध्यवर्ती नियंत्रक असतो व तो सर्व झडपांस हुकूम देतो. म्हणजे ही मुकादमाची रीत झाली. विकेंद्रित रीतीत प्रत्येक झडपेजवळ जमिनीतील ओल मोजणारे लहान उपकरण असेल, ती झडप फक्त शेजारच्या झडपांशी बोलेल, व सर्व मिळून पाळी ठरवितील. कोणती रीत चांगली, हे शेतावर अवलंबून आहे. एका शेतकऱ्याच्या लहान बागेस एक नियंत्रक पुरेसा आहे. पुष्कळ शेतकऱ्यांच्या सामाईक पाण्यास मात्र दुसऱ्या रीतीचा विचार करावा लागेल.

रेणूंचे यंत्रमानव

लहान यंत्रे आणखी लहान करीत गेल्यास शेवटी रेणूपर्यंत येऊन पोहोचावे लागते. येथील माप नॅनोमीटर हे आहे. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कापसाच्या एका तंतूची जाडी सुमारे १५,००० नॅनोमीटर असते, यावरून त्याच्या लहानपणाची कल्पना यावी.

अशी यंत्रे निसर्गात आधीपासूनच आहेत. प्राण्यांच्या पेशीत किनेसिन नावाचे एक प्रथिन असते. त्यास जणू दोन पाय असतात आणि ते सूक्ष्मनलिकांवरून ८ नॅनोमीटरांचे एकेक पाऊल टाकीत पेशीतील ओझी वाहून नेते. कापसाच्या तंतूएवढी रुंदी ओलांडावयास त्यास सुमारे दोन हजार पावले टाकावी लागतील. माणसाने बनविलेल्या रेणूयंत्रांचे मूळ काम करणारे जाँ-पिएर सोव्हाज, फ्रेझर स्टॉडार्ट व बेन फेरिंगा ह्यांस २०१६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या कामात डीएनए हा पदार्थ फार उपयोगी पडला. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीतील, आनुवंशिक गुण पुढे नेणारा धाग्यासारखा रेणू. त्याचे दोन धागे एकमेकांशी जुळतात. परंतु ठरावीक धाग्यास ठरावीकच जोडीदार चालतो, कुलपास किल्ली चालावी तसा. म्हणून कोणता तुकडा कोठे चिकटावा, हे आधी ठरविता येते. नेड्रियन सीमन ह्यांनी १९८२ साली डीएनए बांधकामासाठी वापरण्याची कल्पना मांडली. पॉल रॉथमंड ह्यांनी २००६ साली डीएनएच्या लांब धाग्याच्या घड्या घालून हव्या त्या आकृती तयार करून दाखविल्या.

२०१७ साली अमेरिकेतील कॅल्टेक संस्थेत अनुपमा थुबागेरे, लुलू चियान व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचा एक यंत्रमानव तयार केला. त्याचे एक पाऊल ६ नॅनोमीटरांचे होते. डीएनएच्याच एका सपाट पटलावर दोन जातींचे रेणू विखुरलेले होते. ते वेचून प्रत्येक जातीचा रेणू तिच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवणे, हे त्याचे काम होते. म्हणजे खळ्यावर दोन धान्यांची मिसळ निवडावी तसे. त्यास वाट माहीत नव्हती. तो वाटेल तिकडे फिरे, ओझे हाती लागले की उचली व योग्य जागा आली की सोडी. सहा रेणू निवडावयास त्यास सुमारे ३०० पावले व २४ तास लागले. एकाच पटलावर असे अनेक यंत्रमानव सोडता येतात, हेही त्या प्रयोगात दिसून आले.

जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील अकिरा काकुगो ह्यांच्या गटाने तर समूह व रेणू ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. त्यांनी काचेवर किनेसिनचे रेणू पाय वर करून चिकटविले व त्यांच्यावर २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका सोडल्या. जत्रेत पालखी जशी हातोहात पुढे सरकते, तशा त्या नलिका सरकू लागल्या. नलिकांस डीएनएचे तुकडे जोडलेले होते. साधा प्रकाश असता नलिका एकमेकींस चिकटून थवा होई. अतिनील प्रकाश टाकला की थवा मोडे. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली ह्याच थव्याकडून ओझे वाहविण्यात आले. एकटी नलिका सुमारे ३ मायक्रोमीटर आकाराचे ओझे नेऊ शकली, तर थव्याने ३० मायक्रोमीटर आकाराचे ओझे नेले. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण रेणूंच्या राज्यातही खरी ठरली.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी एक खुलासा आवर्जून करावा. हे सर्व प्रयोग प्रयोगशाळेतील आहेत. शेतकऱ्याने विकत घ्यावा असा रेणूंचा यंत्रमानव आज बाजारात नाही. ‘नॅनो’ हा शब्द केवळ मापाचा आहे. ज्या बाटलीवर तो शब्द आहे तीत यंत्रमानव आहेत, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

हरभऱ्याच्या मुळावरील गणपूर्ती

तथापि निसर्गाने घडविलेला एक सूक्ष्म समूह प्रत्येक शेतकऱ्यास आजच कामास लावता येतो. तो म्हणजे रायझोबियम जिवाणू. जिवाणू हा रेणू नव्हे. पण त्याचे कामकाज रेणूंच्या निरोपांवरच चालते. हरभरा, मूग, उडीद ह्यांसारख्या पिकांची मुळे जमिनीत काही रसायने सोडतात. तो निरोप ओळखून जिवाणू उलट निरोपाचे रसायन सोडतात. त्यामुळे मुळावरील केस वळतो, जिवाणू आत शिरतात व गाठ तयार होते. त्या गाठीत हवेतील नत्र पिकास उपयोगी पडेल अशा रूपात आणला जातो.

अनेक जातींचे जिवाणू आपली संख्या किती झाली, हेदेखील रसायनांवरून ओळखतात. प्रत्येक जण थोडे रसायन सोडतो. ते पुरेसे दाट झाले, म्हणजे सर्व मिळून ठरलेले काम सुरू करतात. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, त्यासारखेच हे आहे. रायझोबियममध्येही ही रीत आढळते.

बियाण्यास जिवाणू संवर्धन का लावावे, ते यावरून ध्यानात येईल. मुळाजवळ योग्य जातीचे जिवाणू पुरेशा संख्येने असले पाहिजेत. त्याची रीत अशी :

१. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन वापरावे.
२. पिकाच्या गटाप्रमाणे संवर्धन निवडावे. हरभऱ्याचे संवर्धन हरभऱ्यासच वापरावे. सोयाबीनचे त्यास चालत नाही.
३. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे व संवर्धन शेवटी लावावे.
४. गुळाच्या थंड पाण्यात संवर्धन कालवून बियाण्यास हलक्या हाताने चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. उन्हात ठेवल्यास जिवाणू मरतात.
५. पीक फुलावर येण्याच्या सुमारास एखादे रोप मातीसह हळूच उपटून गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी-तांबूस रंग दिसल्यास गाठ काम करीत आहे असे समजावे.

यंत्र कोणाचेही असो, नियम कोणाचा?

आता पाठातील मुख्य मुद्दा येतो. बिनमुकादमाच्या समूहात हुकूम देणारा दिसत नाही, म्हणून तेथे कोणाचीच सत्ता नाही असे वाटण्याचा संभव आहे. तसे नसते. तेथे सत्ता नियमाची असते, आणि नियम कोणी तरी लिहिलेला असतो.

एक उदाहरण घेऊ या. समजा, एका पाटावर सहा शेतकरी आहेत. प्रत्येकाची जमीन एक हेक्टर आहे व एक हेक्टर भिजावयास तीन तास पाणी लागते. सर्वांस मिळून १८ तास पाणी हवे. परंतु टंचाईमुळे १२ तासच मिळणार आहे. पाटावर आपोआप चालणाऱ्या सहा झडपा बसविल्या आहेत.

पहिला नियम : पाणी येईल तसे वरून खाली सर्वांनी आपली गरज भागवून घ्यावी. पहिल्या चौघांची जमीन पूर्ण भिजते. शेवटच्या दोघांस थेंबही मिळत नाही.

दुसरा नियम : प्रत्येकास सारखे दोन तास द्यावेत. सहाही जणांस पाणी मिळते. पण सहाही पिके अर्धवट तहानलेली राहतात.

तिसरा नियम : फडाचा. पेरणीपूर्वीच ठरवावयाचे, की प्रत्येकाने आपल्या जमिनीचा दोन-तृतीयांश भागच भिजवणीखाली आणावा. प्रत्येकास दोन तास पाणी मिळते व लावलेले पीक पुरेसे भिजते.

पहिल्या व तिसऱ्या नियमांत पुरेसे भिजणारे क्षेत्र सारखेच, म्हणजे चार हेक्टर आहे. पाणी तेच, झडपा त्याच, यंत्रे त्याच हुशारीची. फरक एवढाच, की पहिल्या नियमात दोन घरांचे वर्ष बुडते व तिसऱ्यात कोणाचेच बुडत नाही. हा फरक यंत्राने केलेला नाही. तो माणसांनी पेरणीपूर्वी एकत्र बसून केलेल्या निर्णयाने पडला आहे. यंत्र पहिला नियमही तितक्याच इमानाने पाळील.

म्हणून गावात अशी यंत्रणा आणावयाची असेल, तर आधी नियम ठरावा व मग यंत्र यावे. नियम यंत्राबरोबर दूरच्या शहरातून तयार होऊन आला, तर शेवटच्या शेतकऱ्याची तक्रार ऐकावयास पाटावर कोणीच असणार नाही. फडातील शेतकरी निदान हवालदारास व पंचांस जाब विचारू शकत होता.

गावात हा पाठ कसा द्यावा

यंत्राशिवायही हा विषय शाळेच्या पटांगणात अर्ध्या तासात समजाविता येतो. वीस-पंचवीस मुले अगर मोठी माणसे हाताच्या अंतरावर विखरून उभी करावीत. एकाने ‘शून्य’ म्हणून हात वर करावा. बाकीच्यांस एकच नियम सांगावा : हाताच्या अंतरावरील शेजाऱ्यांत जो सर्वांत लहान आकडा असेल, त्यात एक मिळवून तो आपला आकडा समजावा व बोटांनी दाखवावा. दहापुढील आकडे तोंडाने सांगावेत. कोणीही दूर पाहावयाचे नाही. थोड्याच वेळात प्रत्येकास आपण शून्यापासून किती पावलांवर आहोत, हे कळते. किलोबॉट आपला क्रमांक ह्याच रीतीने ओळखतात.

नंतर मधील दोघांस बाजूला काढावे. काहींचे आकडे बदलतील, पण गणित पुन्हा जुळेल. शेवटी एकास मुद्दाम चुकीचा, लहान आकडा दाखवावयास सांगावे. त्याच्या भोवतालचे सर्व आकडे बिघडतील. एक माणूस गैरहजर असला तर समूह सावरतो, परंतु एकाने खोटी खबर दिली तर समूह फसतो, ही गोष्ट सर्वांच्या नजरेस आणून द्यावी. हे यंत्रांस लागू आहे व पाण्याच्या पाळीसही लागू आहे.

यंत्रणा घेताना विचारावयाचे प्रश्न

१. वीज किंवा दूरध्वनीचे जाळे बंद पडल्यास यंत्रणा चालू राहते काय?
२. एक झडप अगर उपकरण बिघडल्यास बाकीची कामे करतात काय? बिघडलेली झडप उघडी राहते की बंद?
३. दुरुस्ती धुळे-जळगावात होते की दूर पाठवावे लागते? सुटे भाग किती वर्षे मिळतील?
४. पाळीचा नियम शेतकऱ्यास स्वतः वाचता व बदलता येतो काय? तो मराठीत दिसतो काय?
५. शेतातील माहिती कोणाकडे साठविली जाते व ती इतर कोणास दिली जाते काय?
६. यंत्रणा बंद ठेवून हाताने पाणी देण्याची सोय आहे काय?

ह्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत सर्व क्षेत्रावर खर्च करू नये. प्रथम एका लहान तुकड्यावर एक हंगाम अनुभव घ्यावा व तो इतरांस सांगावा.

समारोप

मुंगी, जिवाणू, किलोबॉट व रेणूंचा थवा ह्या सर्वांचा धडा एकच आहे. काम मोठे असले तरी ते करणारा प्रत्येक जण मोठा असावा लागत नाही. नियम योग्य व शेजाऱ्याची खबर खरी असली, म्हणजे पुरे. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली होती : नियम असा असावा, की टंचाईत पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याचेही पीक उभे राहील. पुढे यंत्रे कितीही लहान व कितीही हुशार झाली, तरी ही भर घालण्याचे काम गावासच करावे लागणार आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मुकादमाची रीत व बिनमुकादमाची रीत ह्यांतील फरक आपल्या गावातील कामांची उदाहरणे घेऊन सांगा.
२. फडात एकाच भागात सर्वांनी एकच पीक घेण्याचे फायदे कोणते?
३. पाठातील उदाहरणात पाणी १२ ऐवजी ९ तासच मिळाले, तर तिन्ही नियमांप्रमाणे कोणास काय मिळेल, याचा हिशेब मांडा.
४. आपल्या गावात सामाईक पाण्याचा कोणता नियम चालू आहे? तो कोणी व केव्हा ठरविला, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या.